घरकुल मंजूर झाले, पण घर?

घरकुलाच्या यादीत नाव आले की वस्तीत पेढे वाटले जातात. आनंद योग्यच आहे. परंतु बँकेच्या काउंटरमागे बसून आम्ही पाहतो ते असे, की मंजुरी आणि छप्पर यांच्यामध्ये कागद आणि पैसा या दोन अडचणी उभ्या असतात.

अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्य शासनाची रमाई आवास योजना आहे. तिला जातीचा दाखला लागतो आणि दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा. त्या वेळी परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही, ज्यांच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती, त्यांच्याजवळ ना शाळेचा निर्गम उतारा, ना जमिनीचा कागद. म्हणजे जो अधिक वंचित, त्याचाच पुरावा कमी!

पुढे जागेचा प्रश्न. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हवा. गायरानावर पिढ्या काढलेल्यांना तो सहजासहजी मिळत नाही. भूमिहीनांना जागा घेण्यासाठी २०१५ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते; परंतु गावात विकणारा भेटला पाहिजे.

पैशाचेही तसेच. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १,२०,००० रुपये ठरले, तेही हप्त्यांनी. जोत्यापर्यंत काम झाल्याचा फोटो गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. वाळू, गज, सिमेंटचे दुकानदार हप्त्याची वाट पाहत नाहीत. मग गरीब माणूस सावकाराकडे जातो आणि घराआधी कर्ज उभे राहते.

एका आजींच्या आधार कार्डावर माहेरचे नाव होते, पासबुकावर सासरचे. आम्ही नियमाप्रमाणे त्यांना परत पाठवले. त्या तीन वेळा आल्या. तीन दिवसांची मजुरी बुडाली. काय काय लागेल ते पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिले असते, तर दोन खेपा वाचल्या असत्या. ही चूक आमची होती.

दवाखान्यातही हेच. २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. उपचार मोफत, पण योजनेत बसणारे आणि तेही अंगीकृत रुग्णालयातच. रेशन कार्डावर सुनेचे नाव चढवायचे राहिले, तर रुग्ण खाटेवर आणि नवरा तहसीलला, अशी धावपळ होते.

विद्यार्थी मित्रांनो, यावर एक उपाय आपल्या हाती आहे. दर रविवारी विहारात दोन तास बसा. प्रत्येक कुटुंबाचे आधार, पासबुक, रेशन कार्ड आणि जातीचा दाखला शेजारी ठेवून नावे ताडून पाहा. तफावत असेल ती वहीत लिहा आणि दुरुस्तीचा अर्ज भरून द्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये, हेही सांगा. नियम बदलण्यासाठी संघटितपणे झगडावेच लागेल; परंतु तोवर अक्षराच्या एका चुकीने कोणाचे छप्पर अडू नये, एवढे तर आपण शिकलेल्यांनी पाहावे.