बाटलीतला नत्र आणि दाण्यातले प्रथिन

नॅनो युरिया या पानांवर फवारायच्या द्रवरूप खतावर पंजाब कृषी विद्यापीठाने दोन हंगाम घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा सगळ्या बातम्यांनी एकच आकडा उचलला. शिफारशीच्या निम्मा नत्र जमिनीतून दिला आणि उरलेल्या निम्म्याची भरपाई नॅनो युरियाच्या फवारण्यांवर सोपवली, तर गव्हाचे उत्पादन 21.6 टक्क्यांनी घटले. त्याच शोधनिबंधात आणखी एक आकडा होता. गव्हाच्या दाण्यातला नत्रही 11.5 टक्क्यांनी कमी झाला होता.

मला हा दुसरा आकडा जास्त गंभीर वाटतो. उन्हाच्या तडाख्याने किंवा पाणी कमी पडल्याने पीक घटते, तेव्हा दाण्यातल्या प्रथिनांची टक्केवारी उलट वाढते. दाणा पिष्टाने नीट भरत नाही, म्हणून आहे तेवढे प्रथिन टक्केवारीत जास्त दिसते. इथे उत्पादन आणि नत्र दोन्ही एकदम घसरले. पीक नत्राला उपाशी राहिल्याची ही खूण आहे.

उपाशी का राहिले, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहता येते. 2021मध्ये बाजारात आलेल्या नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 4 टक्के नत्र होता, म्हणजे 20 ग्रॅम. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो. ही बाटली गोणीची जागा घेईल, असा दावा होता. त्यामागचा युक्तिवाद असा की जमिनीत टाकलेला युरिया बराचसा वाया जातो आणि पानावाटे गेलेला वाया जात नाही. पहिला भाग अगदी खरा आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात वरून फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडून जातो, उरलेल्यातला काही पाण्याबरोबर खाली झिरपतो. पण समजा, बाटलीतला एक कणही वाया गेला नाही आणि सगळाच्या सगळा नत्र दाण्यात पोचला. तरी त्या 20 ग्रॅमपासून एकरभरात 114 ग्रॅम प्रथिन तयार होईल. एकरी 16 क्विंटल गहू धरला, तर प्रथिनांचे प्रमाण एका टक्क्याने वाढवायला 16 किलो प्रथिन लागते, आणि त्यासाठी 2.8 किलो नत्र. पुढे 20 टक्के नत्राची नवी आवृत्ती आली. तिच्या बाटलीत 100 ग्रॅम नत्र, म्हणजे फार तर 570 ग्रॅम प्रथिन. उत्पादक संस्थेला पंजाबचे निष्कर्ष मान्य नाहीत, पण कार्यक्षमता कितीही सुधारली तरी शंभर टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही.

या हिशेबात मी नत्राला 5.7ने गुणले. त्या गुणकामागे एक लांबलचक आणि मला फार आवडणारा इतिहास आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात, पाण्यात कोळून चोथा पिळून काढतात आणि खाली बसलेला पांढराशुभ्र चीक शिजवतात. चीक म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनांचा बराचसा भाग चोथ्याबरोबर गुरांपुढे जातो. इटलीतल्या बोलोन्याच्या जाकोपो बेक्कारीने 1728 साली आपल्या व्याख्यानात गव्हाचे पीठ असेच पाण्याखाली धुऊन दाखवले. त्याचे लक्ष मात्र हातात उरलेल्या चिवट गोळ्यावर होते. हा गोळा सडवला किंवा तापवला, तर त्यातून मांसासारखी दुर्गंधी येते, हे त्याच्या लक्षात आले. असा पदार्थ प्राण्यांच्याच शरीरात असतो, अशी तेव्हाची समजूत. ती बेक्कारीने एका मूठभर पिठाने मोडली. तो गोळा म्हणजे ग्लुटेन.

त्यातला नत्र सहज मोजता येऊ लागला तो 1883मध्ये, आणि तोही बिअरमुळे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल बार्लीतली प्रथिने मोजू पाहत होता. बिअरच्या बार्लीत प्रथिन जास्त झालेले चालत नाही. त्याने धान्य तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळले, सगळ्या नत्राचा अमोनिया करून घेतला आणि तो मोजला. पुढे अमेरिकेत कनेटिकटच्या थॉमस ऑसबर्नने गव्हातली प्रथिने वेगळी काढून तपासली. त्यांत सुमारे साडेसतरा टक्के नत्र भरतो, आणि 5.7 हा गुणक तिथूनच आला. ऑसबर्नचे नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचित माहीत असते, याचे मला वाईट वाटते.

मग दाण्यातला हा नत्र वाढवायचा कसा? गोण्या वाढवून नव्हे. आधी दिलेला जास्तीचा नत्र पीक माजवतो, ताटे लांब आणि मऊ होतात आणि वारे सुटले की लोळतात. बागायती वेळेवर पेरलेल्या गव्हाला महाराष्ट्रात हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे: निम्मा पेरणीबरोबर आणि निम्मा तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटताना पहिल्या पाण्याबरोबर. या दोन हप्त्यांनी फुटवे वाढतात, ओंब्या वाढतात, उत्पादन ठरते. दाणा भरू लागतो तेव्हा मुळांकडून येणारा नत्र थोडाच असतो. झाड स्वतःची पाने मोडायला घेते. पानांत प्रकाशसंश्लेषण करणारे रुबिस्को नावाचे प्रथिन विपुल असते. त्याचे अमिनो आम्लांत तुकडे होतात आणि ओंबीकडे वाहू लागतात. जुना वाडा उतरवून त्याच्याच सागवानी तुळया नव्या घराला वापराव्यात, तसे हे चालते. रान पिवळे पडत जाते ते त्यामुळेच.

म्हणून फुलोऱ्याच्या आसपास मिळालेला नत्र उत्पादनात फारशी भर घालत नाही, पण दाण्याच्या प्रथिनात जातो. अमेरिकेतल्या कॅन्सासमध्ये कार्ल फिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 साली साध्या युरियाचे द्रावण गव्हाच्या पानांवर फवारून हे दाखवून दिले. पानावरची फवारणी आज नव्या युगाचे तंत्र म्हणून विकली जात असताना त्यांची आठवण कुणी काढत नाही. तोच मार्ग आपल्याला उघडा आहे. एकरी 200 लिटर पाण्यात 2 टक्के युरिया म्हणजे 4 किलो, त्यात नत्र 1.84 किलो: नॅनो युरियाच्या पहिल्या आवृत्तीच्या 92 बाटल्यांइतका. सवलतीच्या दराने किंमत सुमारे 24 रुपये. एक बाटली आली होती 240 रुपयांना. फवारणी दाणा चिकात असताना, ऊन उतरल्यावर करावी, नाहीतर पाने करपतात. सगळा नत्र दाण्यात जाणार नाही, तेव्हा एका फवारणीने टक्काभर वाढीची आशा धरू नये. पण बन्सी गव्हात दाण्यांवर जे पांढुरके, पिठूळ डाग दिसतात, ते बहुधा याच काळातल्या नत्राच्या उपासमारीने पडतात. रवा-शेवयांसाठी काचेसारखा कडक दाणा हवा असतो, तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो.

पोषणाच्या बाबतीत मात्र मी हात आखडता घेईन. उशिराच्या नत्राने वाढते ते मुख्यतः ग्लायडिनसारखे साठ्याचे प्रथिन, आणि त्यात लायसिन हे शरीराला लागणारे अमिनो आम्ल फार कमी असते. कणीक चिवट होईल, पोळी मऊ राहील, पाव चांगला फुगेल. लायसिनसाठी ताटात वरण लागेलच.

आणि शेतकऱ्याने हा खटाटोप का करावा? सरकारी खरेदीच्या निकषांत ओलावा, काडीकचरा, आकसलेले आणि किडके दाणे मोजतात. प्रथिन मोजत नाहीत. दहा टक्क्यांच्या आणि तेरा टक्क्यांच्या गव्हाला हमीभाव एकच. ऑस्ट्रेलियात ‘प्राइम हार्ड’ प्रतीसाठी किमान 13 टक्के प्रथिन लागते, गाडी उतरताना अवरक्त किरणांच्या यंत्रावर ते तिथल्या तिथे मोजले जाते आणि प्रतीप्रमाणे भाव ठरतो. हे यंत्र आपल्या पिठाच्या मोठ्या गिरण्यांत आहे. ते बाजार समितीच्या काट्याशेजारी ठेवायला हवे.