प्रिंटरला हुकूम कसा द्यावा



निवृत्तीनंतर मी जयपूरला बनी पार्कात राहतो, हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. जुने बंगले, त्यांतली हॉटेलं आणि गल्लीतल्या घरांत चालणारे छोटे उद्योग, असा आमचा परिसर. अशाच एका घरात एक भाभीजी कुर्त्या शिवून घेतात. कापड सांगानेर आणि बगरूचं, ठशांच्या छपाईचं. चार बायकांचा पगार त्यावर चालतो. त्यांनी लेबल प्रिंटर घेतला आणि मला बोलावलं, "कर्नल साब, यह तो हमारी सुनता ही नहीं."

मी म्हटलं, सुनेगा. हुकूम बरोबर द्यायला हवा.

आपला नेहमीचा प्रिंटर पानाचं चित्र घेतो. लेबल प्रिंटर चित्रही घेतो, पण त्याची स्वतःची एक भाषा असते. झेब्रा कंपनीच्या प्रिंटरची भाषा झेडपीएल. टीएससीची टीएसपीएल, तिच्यात साइझ, गॅप, प्रिंट असे सरळ शब्द असतात. तुमच्या प्रिंटरला कोणती कळते, ते त्याच्या पुस्तिकेत पाहा. आज आपण झेडपीएल पाहू. मी आज्ञा देवनागरीत लिहितोय. तुम्ही कीबोर्डवर इंग्रजी मोठी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

परेडवर हुकमाचे दोन भाग असतात. "परेड" म्हटलं की जवान तयार होतो, पण हलत नाही. "सावधान" म्हटलं की हलतो. इथेही तसंच. ^एक्सए म्हणजे लेबल सुरू. मधल्या आज्ञा प्रिंटर फक्त ऐकून ठेवतो. ^एक्सझेड आलं की छापतो. तेवढी शेवटची ओळ विसरलात, तर प्रिंटर गप्प बसून राहतो आणि आपण वायर तपासत बसतो.

दुसरी गोष्ट, त्याला सेंटीमीटर कळत नाहीत, तो ठिपके मोजतो. २०३ डीपीआयच्या प्रिंटरमध्ये एका मिलिमीटरात ८ ठिपके. आमचं लेबल ५० बाय २५ मिलिमीटर, म्हणजे ४०० बाय २०० ठिपके. ३०० डीपीआयला मिलिमीटरमागे साधारण १२ ठिपके. म्हणून एका प्रिंटरची फाइल दुसऱ्यावर चालवली की मजकूर लहान-मोठा होतो.

आता आमचं लेबल:

^एक्सए
^पीडब्ल्यू४००
^एलएल२००
^एफओ४०,२०^ए०एन,२८,२८^एफडीकुर्ती एम^एफएस
^एफओ४०,७०^बीवाय२^बीसीएन,६०,वाय,एन,एन^एफडीकेआरटी१०४एम^एफएस
^पीक्यू१
^एक्सझेड

पीडब्ल्यू रुंदी, एलएल लांबी. एफओ म्हणजे कुठे छापायचं: डावीकडून ४०, वरून २० ठिपके. ए० हा अक्षराचा प्रकार, पुढे त्याची उंची-रुंदी. एफडीनंतर मजकूर, एफएसने तो संपतो. बीसी म्हणजे कोड १२८ हा बारकोड, ६० ही त्याची उंची. बीवाय म्हणजे सर्वांत बारीक रेघ किती ठिपक्यांची. पीक्यू म्हणजे किती प्रती.

इथेच माझी चूक झाली. रेघा ठसठशीत दिसाव्यात म्हणून मी बीवाय ३ केलं, लेबल डोळ्यांनी पाहिलं, छान वाटलं, आणि पीक्यू २०० करून मोकळा झालो. आठवड्याभराने माल परत आला. गोदामात बरीच लेबलं स्कॅनरला वाचता येत नव्हती. सणाचे दिवस, भाभीजी काही बोलल्या नाहीत, पण चौघीजणी दोन दिवस जुनी लेबलं सोलत बसल्या. मान खाली गेली माझी.

मग कागद-पेन्सिल घेतली. कोड १२८ मध्ये सुरुवातीची खूण ११ घरांची, प्रत्येक अक्षर ११, तपासणीचं अक्षर ११, शेवटची खूण १३. आमच्या सात अक्षरांना एकूण ११२ घरं. बीवाय ३ म्हणजे ३३६ ठिपके. ४० वर सुरू केलं, ते संपलं ३७६ वर. उजवीकडे उरले २४. बारकोडच्या दोन्ही बाजूंना दहा घरांएवढी कोरी जागा लागते, म्हणजे ३० ठिपके. ती कमी पडली. रोल जरा सरकला की आणखी कमी. बीवाय २ केलं: २२४ ठिपके, संपलं २६४ वर, जागाच जागा.

आणखी दोन सूचना. ही फाइल साध्या मजकुराची ठेवा आणि जशीच्या तशी प्रिंटरकडे पाठवा; नेटवर्कचा प्रिंटर असेल तर सहसा ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर. वर्डमधून नेहमीसारखी छापलीत, तर लेबलावर या आज्ञाच छापून येतील. आणि मराठी नाव हवं असेल तर? ^सीआय२८ दिलं की प्रिंटर युनिकोड वाचतो, पण साध्या प्रिंटरच्या फाँटमध्ये देवनागरी नसते, असली तरी जोडाक्षरं आणि मात्रा विस्कटतात. त्यापेक्षा नाव कॉम्प्युटरवर चित्र म्हणून तयार करून ^जीएफ आज्ञेने पाठवावं.

फौजेत शिकवतात, हुकूम पाळला गेला नाही तर आधी आपला हुकूम तपासा. प्रिंटरने माझा हुकूम तंतोतंत पाळला होता, एकदा नव्हे, दोनशे वेळा. तेव्हापासून भाभीजींच्या भिंतीवर कागद चिकटवलाय: पहिलं लेबल एकच छापा, स्कॅनरने वाचा, कडेची कोरी जागा पट्टीने मोजा, किंमत आणि महिना दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. मगच पीक्यूचा आकडा बदला.

करून पाहा. जय हिंद.