निळ्या ढालीवरचा सोनेरी पट्टा

चौदाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ढालीवर रंगवलेले चिन्ह ही शेतजमिनीइतकीच खरी मालमत्ता होती. ती बापाकडून मुलाकडे वारशाने जात असे, तिच्यावर परक्याने हक्क सांगितला तर दाद मागता येत असे, आणि अशी दाद ऐकण्यासाठी ‘कोर्ट ऑफ शिव्हलरी’ नावाचे वेगळे न्यायालयही होते. या न्यायालयात १३८५ साली उभा राहिलेला आणि १३९०मध्ये राजाच्या निकालाने मिटलेला स्क्रूप विरुद्ध ग्रोव्हनर हा दावा मध्ययुगीन सरदारवर्गाच्या मनोवृत्तीवर जेवढा प्रकाश टाकतो, तेवढा त्या काळचे प्रेमकाव्य आणि पराक्रमाच्या कथा मिळूनही टाकत नाहीत, कारण कथांमध्ये नाइट कसा असावा ते सांगितलेले असते, तर या दाव्याच्या दप्तरात प्रत्यक्षातले नाइट स्वतःच्या तोंडाने बोलतात.

नाइट म्हणजे मुळात चिलखत घालून घोड्यावरून लढणारा शिपाईगडी. अकराव्या शतकात त्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. पण युद्धासाठी तयार केलेला घोडा, साखळ्यांचे चिलखत, शस्त्रे आणि हाताखालची माणसे यांचा खर्च वाढत गेला, तसतसा हा पेशा जमीनदारांच्याच आवाक्यात उरला आणि त्याला मान मिळू लागला. बाराव्या शतकापासून नाइटपद देण्याचा विधी, चर्चचे आशीर्वाद, दुबळ्यांचे रक्षण, दिलेला शब्द पाळणे, शरण आलेल्याला जीवदान देणे असे आदर्श त्याला चिकटत गेले, आणि या सगळ्याला मिळून शिव्हलरी, म्हणजे वीरधर्म, म्हटले जाऊ लागले. हा धर्म सोयीनुसार पाळला जाई, हेही खरे. शरणागत सरदाराला जिवंत ठेवण्यात दयेइतकाच खंडणीचा हिशेब असे, आणि वाटेत लागणाऱ्या खेड्यातल्या शेतकऱ्याकडून खंडणी मिळण्यासारखी नसल्यामुळे त्याच्या वाट्याला दयाही क्वचितच येई. शिवाय हे पद सर्वांनाच हवेसे वाटत होते असेही नाही. तेराव्या शतकात इंग्लंडच्या राजांनी जमिनीचे वार्षिक उत्पन्न कधी २०, कधी ४० पौंडांवर असणाऱ्यांना नाइटपद घेण्याची सक्ती केली, कारण खर्च आणि सरकारी जबाबदाऱ्या टाळण्यासाठी अनेक जमीनदार त्यापासून अंग चोरत होते.

ढालीवरच्या चिन्हांची पद्धत बाराव्या शतकात आकाराला आली. चेहरा झाकणाऱ्या शिरस्त्राणामुळे माणूस ओळखू येईनासा झाला म्हणून चिन्हे आली, हे नेहमी दिले जाणारे उत्तर अर्धेच पटण्यासारखे आहे. धुळीने भरलेल्या रणांगणापेक्षा प्रेक्षकांसमोर होणाऱ्या टूर्नामेंटमध्ये, म्हणजे शस्त्रस्पर्धांमध्ये, आपण कोण हे दिसण्याची आणि दाखवण्याची हौस अधिक होती. आंजूचा काउंट जेफ्री याला ११२८च्या सुमारास नाइटपद मिळाले तेव्हा सासरा, म्हणजे इंग्लंडचा राजा पहिला हेन्री, याने सोनेरी सिंहांची ढाल दिल्याचे पुढे एका इतिवृत्तकाराने लिहून ठेवले. जेफ्रीची निळ्या ढालीवर सोनेरी सिंह असलेली मीनाकारी प्रतिमा फ्रान्समधील ल माँ येथे आहे, आणि १२२६मध्ये मरण पावलेला त्याचा नातू विल्यम लाँगस्पे याच्या सॉल्सबरी कॅथीड्रलमधील समाधीवर तेच सिंह दिसतात. आजोबांचे चिन्ह नातवाच्या ढालीवर आले, तेव्हा नुसते चित्र संपून कुलचिन्ह सुरू झाले असे म्हणता येते.

या चिन्हांना शिस्त होती. सोने आणि रुपे यांना ‘धातू’ मानत आणि ते रंगवताना पिवळा व पांढरा वापरत. तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग चढवायचा नाही हा मुख्य नियम, आणि तो दुरून स्पष्ट दिसावे या व्यवहारी गरजेतून आलेला. वर्णन नॉर्मन फ्रेंचमधून आलेल्या ठरावीक परिभाषेत होई. ‘अझ्यूर, अ बेंड ऑर’ एवढे चार शब्द उच्चारले की निळ्या ढालीवर पाहणाऱ्याच्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली उतरणारा सोनेरी तिरपा पट्टा असा अर्थ होतो, आणि चित्र न पाहताही कोणताही चितारी तीच ढाल रंगवू शकतो. ही परिभाषा राखणारे लोक म्हणजे हेरल्ड. आपल्या भालदार-चोपदारांप्रमाणे ते आरंभी टूर्नामेंटमध्ये येणाऱ्यांची नावे पुकारत. पुढे कोणाची ढाल कोणती हे पाठ असल्यामुळे निरोप नेणे, लढाईनंतर मृतांची ओळख पटवणे आणि चिन्हांच्या नोंदवह्या ठेवणे ही कामे त्यांच्याकडे आली.

‘अझ्यूर, अ बेंड ऑर’ हेच दाव्याचे मूळ होते. १३८५च्या उन्हाळ्यात राजा दुसरा रिचर्ड सुमारे १४,००० फौज घेऊन स्कॉटलंडवर चालून गेला, एडिंबरो जाळून मोठी लढाई न देताच परतला, आणि मोहिमेचे इतिहासात उरलेले सर्वात टिकाऊ फळ म्हणजे हे भांडण, असे थोड्या खवचटपणे म्हणता येईल. यॉर्कशरच्या बोल्टनचे लॉर्ड सर रिचर्ड स्क्रूप यांना याच फौजेत चेशरचे सर रॉबर्ट ग्रोव्हनर अगदी आपलीच ढाल मिरवताना दिसले. स्क्रूप हे क्रेसीच्या १३४६च्या लढाईत लढलेले, दोनदा राज्याचे चॅन्सेलर झालेले आणि राजाच्या उधळ्या देणग्यांवर मोहोर उठवण्यास नकार दिल्यामुळे ते पद गमावलेले बडे प्रस्थ. ग्रोव्हनर हे आपल्या परगण्यात मानाचे असले तरी लंडनला अपरिचित. दोघांचाही दावा एकच होता, की हे चिन्ह आपल्या घराण्यात १०६६च्या नॉर्मन विजयापासून आहे. त्या काळी कुलचिन्हेच अस्तित्वात नव्हती ही गोष्ट न्यायालयात कोणाच्याही मनात आली नाही.

दावा ऐकणारे कॉन्स्टेबल म्हणजे राजाच्या सैन्यातील सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. आजच्या पोलीस शिपायाशी त्या पदाचा संबंध जोडू नये. ते होते राजाचे काका, ग्लॉस्टरचे ड्यूक टॉमस. इंग्लंडच्या सामान्य न्यायालयांतील ज्यूरी येथे नव्हती. रोमन कायद्याच्या धर्तीवर साक्षी लिहून घेतल्या जात आणि त्यासाठी आयुक्त गावोगाव फिरत. शेकडो साक्षी झाल्या. मठाधिपतींनी चर्चच्या काचांवर, वस्त्रांवर आणि समाध्यांवर असलेल्या चिन्हांचे दाखले दिले. ईझ्बी येथील मठात तर स्क्रूप घराण्याच्या समाध्याच होत्या. पण वजन होते ते ‘मी पाहिले’ आणि ‘मी वाडवडिलांकडून ऐकले’ या दोन वाक्यांना, कारण चिन्हावरचा हक्क देणारी सनद दोघांकडेही नव्हती आणि घराण्याची पत समकालीनांच्या आठवणीतच साठवलेली होती.

कवी जेफ्री चॉसर यांनी १५ ऑक्टोबर १३८६ रोजी वेस्टमिन्स्टर येथे दिलेली साक्ष यांपैकी सर्वात प्रसिद्ध आहे. आपले वय चाळीसच्या वर असून २७ वर्षे आपण शस्त्र धारण करीत आहोत, असे सांगून त्यांनी फ्रान्समध्ये ज्या मोहिमेत आपण स्वतः कैद झालो तिच्यात स्क्रूप यांना हे चिन्ह वापरताना पाहिल्याचे नमूद केले. ग्रोव्हनर यांचे नाव कधी ऐकले, या प्रश्नाचे उत्तर मात्र एखाद्या कथेतले शोभावे असे होते. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना चॉसर यांना एका बिऱ्हाडाबाहेर ही ढाल रंगवलेली नवी पाटी टांगलेली दिसली. स्क्रूप मंडळींनी हे बिऱ्हाड कधी केले, असे त्यांनी सहज विचारले, तेव्हा ही पाटी स्क्रूप यांची नसून चेशरच्या रॉबर्ट ग्रोव्हनर नावाच्या नाइटची आहे, असे उत्तर मिळाले, आणि ते नाव आपण त्या दिवशी प्रथमच ऐकले, असे चॉसर यांनी शपथेवर सांगितले. ग्रोव्हनर यांना याहून मोठा टोला कोणी दिला नसेल, कारण कीर्ती हाच जिथे पुरावा होता तिथे तुमचे नाव रस्त्यावरच्या पाटीमुळे कळले असे म्हणणे हा जवळजवळ निकालच होता.

साक्षीदारांच्या वयांकडे पाहिले की या पुराव्याचे स्वरूप आणखी कळते. डेव्हनमधील सर जॉन सली यांनी आपले वय १०५ सांगितले आणि १३३३च्या हॅलिडन हिलपासून १३६७च्या नाहेरापर्यंतच्या लढायांत हे चिन्ह पाहिल्याचे म्हटले. जॉन थर्लवॉल या एस्क्वायरने, म्हणजे नाइटहून एक पायरी खालच्या दर्जाच्या गृहस्थाने, आपले वडील १४५ वर्षे जगले असे बेधडक सांगितले. हे आकडे अर्थातच मानण्यासारखे नाहीत, पण थर्लवॉल यांच्या साक्षीतला पुढचा भाग मोलाचा आहे. रिचर्ड स्क्रूप यांचे वडील हेन्री हे राजाच्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि कायद्यावर पोट भरणारा माणूस कुलीन कसा, अशी कुजबुज उत्तरेकडे होती. तिला थर्लवॉलच्या वडिलांनी असे उत्तर दिले होते, की हेन्री यांच्या पित्याला १२९८मध्ये फॉल्कर्कच्या रणभूमीवर याच चिन्हाखाली नाइटपद मिळाले होते. म्हणजे लढवय्यांचा म्हणवला जाणारा हा वर्ग वकिली, सरकारी चाकरी आणि नशीब यांच्या वाटेने सतत नव्याने भरत होता, आणि नव्याने आत आलेल्याला जुने ठरवण्याचे काम ढाल करीत होती. स्क्रूप यांनी एवढा खटाटोप का केला याचे कारण बहुधा येथेच सापडते. जुन्या घराण्याला असे चिन्ह सिद्ध करण्याची एवढी निकड भासली नसती.

प्रकरणात तिसरी ढालही होती. कॉर्नवॉलच्या कार्मिनो घराण्याच्या नाइटशी स्क्रूप यांचा याच चिन्हावरून फ्रान्समधील मोहिमेत पूर्वी खटका उडाला होता; कार्मिनो यांनी तर थेट आर्थर राजाच्या काळापासूनचा हक्क सांगितला होता, आणि कॉर्नवॉल हा एके काळी वेगळा देश होता या आधारावर दोघांनाही चिन्ह ठेवू दिले गेले. हा युक्तिवाद आज चमत्कारिक वाटला तरी त्यामागे विचार होता. त्याच शतकातील इटालियन कायदेपंडित बार्तोलस यांनी चिन्हांवर लिहिलेल्या प्रबंधात, रोमला आलेल्या जर्मनाला आपलेच चिन्ह वापरणारा इटालियन भेटला तर त्याला तक्रार करता येणार नाही, कारण इतक्या दूरच्या दोघांत कोणाची गफलत होऊन कोणाचे नुकसान होणार, असा मुद्दा मांडला होता. चेशर आणि यॉर्कशर मात्र तेवढे दूर नव्हते.

१३८९च्या मे महिन्यात ड्यूकनी निकाल स्क्रूप यांच्या बाजूने दिला, पण ग्रोव्हनर यांना त्याच ढालीला रुपेरी किनार लावून ती वापरण्याची मुभा ठेवली. ग्रोव्हनर यांनी राजाकडे अपील केले आणि हातचे होते तेही घालवले. किनार लावून चिन्ह वेगळे करणे हे एकाच घराण्यातील भाऊबंदांना शोभते, परक्याला नव्हे, असे म्हणून २७ मे १३९० रोजी राजाने ती मुभाही काढून घेतली. ग्रोव्हनर यांनी मग निळ्या ढालीवर गव्हाची सोनेरी पेंढी घेतली, जी चेस्टरच्या जुन्या अर्लांच्या चिन्हावरून आलेली आहे. विजयी पक्षाचे दिवस मात्र फार बरे गेले नाहीत: स्क्रूप यांचा मुलगा विल्यम १३९९च्या सत्तांतरात मारला गेला, तर निकाल देणारे ग्लॉस्टरचे ड्यूक त्याआधीच, १३९७मध्ये, राजाच्या कैदेत संपवले गेले होते. उलट ग्रोव्हनर घराणे लंडनमधील जमिनींच्या जोरावर वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकपदापर्यंत चढले, आणि पट्टा विसरले नाही; पहिल्या ड्यूकच्या ‘बेंड ऑर’ नावाच्या घोड्याने १८८०ची डर्बी जिंकली. हा घोडा बेंड ऑर नसून दुसराच आहे अशी तक्रार प्रतिस्पर्ध्यांनी केली आणि ती फेटाळली गेली, हा योगायोग नोंदवण्याचा मोह आवरत नाही.

हेरल्डांना १४८४मध्ये तिसऱ्या रिचर्डने ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था स्थापून दिली, आणि त्यानंतर आठवणींची जागा हळूहळू कागदाने घेतली. ही चिन्हपद्धती ब्रिटिश सत्तेबरोबर भारतातही आली: १८७७च्या दिल्ली दरबारासाठी बंगालच्या सनदी सेवेतील रॉबर्ट टेलर यांनी संस्थानिकांसाठी युरोपीय धर्तीची चिन्हे असलेले ध्वज तयार केले, आणि ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा यांसारख्या मराठी घराण्यांच्या पदरी अशा रीतीने नाइटांच्या परिभाषेतल्या ढाली आल्या. कोर्ट ऑफ शिव्हलरी मात्र १७३७नंतर निद्रिस्त होते. ते पुन्हा भरले १९५४मध्ये, मँचेस्टर महापालिकेने शहराचे चिन्ह स्थानिक नाट्यगृहाने आपल्या शिक्क्यावर आणि पडद्यावर वापरल्याची तक्रार केली तेव्हा. न्यायमूर्ती गोडार्ड यांनी महापालिकेच्या बाजूने कौल दिला, आणि यापुढे हे न्यायालय भरवायचे तर त्याला खरोखर सबळ कारण असावे, असेही सुचवले. त्यानंतर ते भरलेले नाही.