सोयाबीन: विषाणूची लागण आणि बीजकूज

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही, अशा तक्रारी महाराष्ट्रभरातून आल्या. त्यातले बरेचसे बियाणे आदल्या हंगामातले होते, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीला आलेले पीक पावसात भिजले होते. अशा भिजलेल्या शेंगांत फोमोप्सिस ही बुरशी दाण्यापर्यंत पोहोचते. दाणा सुरकुततो, पांढुरका पडतो, उगवणक्षमता घटते. यालाच बीजकूज म्हणतात.

पाऊस हे मुख्य कारण खरेच. पण त्याच शेतातल्या सर्व झाडांचे बी सारखे कुजत नाही. अमेरिकेतील केंटकीमध्ये १९८२ साली बीन पॉड मॉटल विषाणूबाबत आणि २००१ साली सोयाबीन मोझॅक विषाणूबाबत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत विषाणूग्रस्त झाडांच्या बियांत फोमोप्सिसचे प्रमाण जास्त आढळले.

असे का व्हावे? फोमोप्सिस शेंगेच्या सालीत आधीच शिरून गुपचूप बसलेली असते. दाणा पक्व होऊ लागला, की उबदार, दमट हवेत ती आत सरकते. विषाणूमुळे झाड उशिरा पिकले, खोड हिरवे राहिले, तर शेंगा उभ्या पिकात जास्त दिवस ओल्या हवेत राहतात. बुरशीला तेवढी मुदत वाढवून मिळते. लागण फुलोऱ्याआधी झाली तर नुकसान अधिक. उशिरा आलेल्या लागणीचा परिणाम सहसा कमी असतो.

येथे एक गल्लत टाळावी. दाण्यावरचे तपकिरी-काळे ओघळ पाहून विद्यार्थी लगेच ‘बुरशी’ असे लिहितात. असे ओघळ सोयाबीन मोझॅकमुळेही येतात, आणि डागाळलेल्या प्रत्येक दाण्यात विषाणू असतोच असेही नाही. डोळ्यांवर विसंबू नये.

आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात जास्त ओळखीचा आहे तो पिवळा मोझॅक. तो पांढरी माशी पसरवते. सोयाबीन मोझॅक मावा आणि बियाणे यांतून पसरतो. त्यामुळे केंटकीचे निष्कर्ष पिवळ्या मोझॅकला जसेच्या तसे लावू नयेत.

बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया बियाण्यावरील बुरशी आटोक्यात ठेवते, पण गर्भातला सोयाबीन मोझॅक विषाणू तिने मरत नाही. म्हणून बियाण्यासाठी राखलेल्या प्लॉटमधली रोगट झाडे फुलोऱ्यापूर्वीच उपटावीत आणि पीक पक्व होताच काढावे. घरचे बियाणे असेल तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजावी. प्रमाणित बियाण्यासाठी किमान मर्यादा ७० टक्के आहे.