गंगू तेली नेमका कोण?

बोललेले किंवा लिहिलेले वेडेवाकडे होऊन पोचले, की इंग्रजीत त्याला 'गार्बल्ड' म्हणतात. शब्दाचे मूळ अरबी 'गरबला', म्हणजे चाळणे. मसाल्याच्या व्यापाराबरोबर तो इटलीमार्गे इंग्लंडात पोचला. लंडनमध्ये मसाल्यातला कचरा काढणारे अधिकृत 'गार्बलर' असत. मिरीच्या बाजारात जुना अर्थ आजही टिकून आहे. 'मलबार गार्बल्ड' म्हणजे निवडून स्वच्छ केलेली मिरी. पुढे, मजकुरातले सोयीचे तेवढे वेचून बाकीचे टाकण्यालाही हाच शब्द लागला आणि त्यातून विपर्यासाचा अर्थ आला.

लोकांची आठवणही अशीच चाळत असते. माळव्यातल्या धारचेच घ्या. 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' ही म्हण आपण सहज वापरतो. भोज हा अकराव्या शतकातला धारचा परमार राजा. मग हा तेली कोण? एक लोकप्रिय उलगडा असा, की गंगू म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि तेली म्हणजे कल्याणीचा चालुक्य तैलप. भोजाने हरवलेल्या दोन राजांचा लोकांच्या तोंडी एकच तेली झाला!

उलगडा मोहक आहे, पण अर्धाच पटतो. गांगेयदेव भोजाचा समकालीन. आधी मित्र, मग शत्रू, आणि भोजाने त्याला हरवलेही. तैलप मात्र 997च्या सुमारास वारला, भोज गादीवर आला तो 1010च्या आसपास. तैलपाने मारले ते भोजाच्या चुलत्याला, मुंजाला. भोज चालुक्यांशी लढला खरा, पण समोर होता तैलपाचा नातू जयसिंह. पिढ्यांमधले हे अंतर चाळणीतून गळून गेले. म्हणीतला टोमणा मात्र गळला नाही. राजांच्या भांडणाशी काडीचा संबंध नसलेल्या तेली समाजाला तो उगाच सोसावा लागला.

धारमध्ये या गोंधळाला लोखंडी आधारही मिळाला. तिथल्या लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. एकत्र धरले तर लांबी सुमारे 13 मीटर, म्हणजे दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभाच्या जवळजवळ दुप्पट. ही मशीद दिलावरखानाने 1405 साली बांधली आणि तिचे नाव या लाटेवरूनच, म्हणजे स्तंभावरूनच पडले. लोकांनी मात्र लाटेला एका अवाढव्य तेलिणीच्या तराजूची दांडी ठरवले.

माळव्यातल्याच देवासला चाळण सरकारी कागदाची होती. पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी एकाच गावात दोन राज्ये थाटली: थोरली पाती आणि धाकटी पाती. इंग्रजांनी त्यांचे 'सीनियर' आणि 'ज्युनियर' केले. पवारांचे झाले 'पुआर'. धारचे राजघराणेही पवारांचेच आणि हे पवार स्वतःला परमारांचे वंशज सांगत. म्हणजे ज्या नावाचे इंग्रजीत 'पुआर' झाले, ते मुळात 'परमार'चाच अपभ्रंश. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याचे 'द हिल ऑफ देवी' हे देवासवरचे पुस्तक 1953 साली आले. त्याने जगाला देवास दाखवले ते त्या दरबाराच्या गमतीजमतींसकट. गाव त्यात फार थोडे आहे.

मांडूला निघालेले बहुतेक मराठी प्रवासी धार गाडीतूनच पाहतात. या खेपेला लाट मशिदीपाशी उतरा आणि ते तीन तुकडे नीट पाहून घ्या.