दिव्यातलं नासपती

म्युनिकला मुलाकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. नात पाच वर्षांची. घरात मराठी कानावर पडायचं, पण तिच्या तोंडी सगळं बालवाडीतलं जर्मन. माझं जर्मन म्हणजे निवृत्तीनंतर पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात गिरवलेले चार महिने. दिवसभर आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसायचो. एका संध्याकाळी ती धावत आली, "आजोबा, बिर्ने कापुट!" बिर्ने म्हणजे नासपती, एवढं मला पक्कं ठाऊक. फळ नासलं असेल म्हणून मी फ्रिजमधून दुसरं काढून तिच्या हातावर ठेवलं. ती बघतच राहिली. मग हात धरून खोलीत घेऊन गेली. टेबलावरचा दिवा गेला होता!

जर्मन माणूस बल्बला 'ग्ल्यूबिर्ने' म्हणतो. 'ग्ल्यूएन' म्हणजे निखाऱ्यासारखं रसरसणं. इंग्रजी 'ग्लो' त्याच गोत्रातला. 'बिर्ने'चं कूळ लॅटिन 'पिरुम'. त्याचं अनेकवचन 'पिरा' बोलीत एकवचन होऊन बसलं, जर्मनमध्ये त्याचं 'बिरा' झालं आणि शेवटचा 'न' पुन्हा अनेकवचनातूनच येऊन चिकटला. एका फळावर दोनदा अनेकवचनाचा हात फिरला म्हणायचा! विजेच्या धंद्यातली मंडळी मात्र 'ग्ल्यूलाम्पे' म्हणतात. त्यांना फळबीळ चालत नाही.

आपण हसायचं कारण नाही. आपला 'बल्ब' इंग्रजीतून आला, आणि त्याचं मूळ ग्रीक 'बोल्बोस', म्हणजे कांद्यासारखा कंद. इंग्रजांनी ते नाव थर्मामीटरच्या काचेच्या फुगवट्याला दिलं, पुढे दिव्यालाही. आमची आजी 'ग्लोब' म्हणायची, तेच त्यातल्या त्यात सरळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. युरोपीय संघानं २००९ ते २०१२ या काळात घरगुती वापराचे जुने तारेचे बल्ब टप्प्याटप्प्यानं बंद केले. विजेतला जेमतेम पाच टक्के भाग उजेड व्हायचा, बाकी सगळी उष्णता. मिळाला तो एलईडी. त्यात रसरसणारी तार नाही, पण आकार नासपतीचाच, आणि नातीच्या लेखी नावही तेच.

रात्री दिवा लावताना तिला म्हटलं, "आपण याला कांदा म्हणतो." ती स्वयंपाकघरात पळाली, कांदा आणला, दिव्याशेजारी धरून दोन्हींकडे निरखून पाहिलं. मग चक्क मराठीत विचारलं, "आजोबा, कांदा कापुट झाला तर?"