पाटीतला दीड दिवस

पहिल्या पावसाच्या आधी कर्जत–खोपोली मार्गावरच्या स्थानकांबाहेर ठाकर आणि कातकरी बायका पाट्या घेऊन बसतात. पानांच्या द्रोणात करवंदे, पाटीत जांभळे. सकाळी ज्या भावाने वाटा जातो, त्याच्या निम्म्याने तो संध्याकाळच्या गाडीला द्यावा लागतो. "मावशी, उरलेली उद्या का नाही आणत?" असे मी एकदा विचारले. "उद्या त्याचं पाणी व्हईल," एवढेच उत्तर मिळाले.

शीतगृह हवे, असे इकडे सगळेच म्हणतात. मीही म्हणत असे. पण फळ का नासते हे समजून घेऊ लागलो, तेव्हा प्रश्नाची मांडणीच बदलली.

तोडलेले फळ मेलेले नसते. ते श्वास घेते, साठवलेली साखर जाळते आणि उष्णता बाहेर टाकते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे ३५ अंशांच्या उन्हात ढिगात काढलेला एक तास, १५ अंशांच्या खोलीतल्या चार तासांहूनही महाग पडतो. नंतर कितीही थंडी दिली तरी गेलेला वेळ परत येत नाही.

शिवाय सगळी फळे एका स्वभावाची नसतात. आंबा, चिकू, केळे तोडल्यावरही पिकतात. ती स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने पिकणे वेग घेते. आपली आढी याच तत्त्वावर चालते: भाताचा पेंढा ऊब आणि वायू दोन्ही धरून ठेवतो. जांभळाचे तसे नाही. तोडल्यावर ते गोड होत नाही, फक्त उतरत जाते. म्हणून ते पूर्ण पिकल्यावरच काढावे लागते, आणि नेमकी तेव्हाच त्याची साल सर्वांत नाजूक असते.

थंडीचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. 'चीमा साहेबी' हे द्राक्ष ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड बागेत फळांच्या शीतसाठवणीवर काम केले. १९३२ आणि १९३३ साली युरोपला पाठवलेल्या आंब्यांचा अहवालही त्यांच्या नावावर आहे. थंडी जास्त म्हणजे चांगली, असे मात्र नाही. कच्चा हापूस साधारण १२–१३ अंशांखाली फार दिवस राहिला तर त्याला थंडी बाधते. मी घरच्या फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेले कच्चे आंबे बाहेर काढल्यावर डागाळले, पिकले नाहीत, आणि वासही धरला नाही. जांभूळ ८ ते १० अंशांवर, नीट बांधले तर, दोन-तीन आठवडे तग धरू शकते.

'नीट बांधले तर' हे महत्त्वाचे. बंद प्लास्टिक पिशवीत फळाच्या श्वासाचे पाणी साचते आणि बुरशीला आयते घर मिळते. प्राणवायू फारच कमी झाला तर फळ आंबते, दारूसारखा वास येतो. म्हणून पिशवीला किंवा डबीला भोके हवीत आणि थर उथळ हवा. खोल पाटीत तळाची जांभळे वरच्यांच्या भाराने फुटतात. लहान, उथळ, हवा खेळती ठेवणारा द्रोण यांतले बरेच काही आधीपासून करत आला आहे.

विजेशिवाय थंडावा देणारा विटा-वाळूचा शीतकक्ष दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने विकसित केला. दुहेरी भिंतींमधली वाळू ओली ठेवायची. पाणी उडते, आतली हवा निवते. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. पण आपले जांभूळ येते ते पावसाच्या तोंडावर. तेव्हा कर्जतची हवा आधीच दमट असते, पाणी उडत नाही आणि निवारा थोडाच मिळतो. मार्चमधल्या चिकूला तो उपयोगी. जांभळाला खरी वीज लागते.

खालापुरातून द्रुतगती मार्ग जातो. जेएनपीए बंदराकडे निघालेले शीत-कंटेनर त्यावरून धावतात. निर्यातीची द्राक्षे तोडल्यापासून काही तासांतच पूर्वशीत केली जातात आणि ती थंडी पुढे सुटू दिली जात नाही. त्याच तालुक्यात, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, जांभूळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात बसते.

मोठे शीतगृह ट्रकभर माल मोजते. दोन पाट्यांची बाई त्याच्या हिशेबातच बसत नाही. तिला हवी आहे पहाटेची तोडणी, सावली, उथळ खोकी, आणि स्थानकाजवळ बचत गटाने चालवलेली, पाटीमागे भाडे घेणारी एक छोटी थंड खोली. कोणी म्हणेल, एवढ्याने काय होणार? एवढेच होईल की सहाच्या गाडीला कोणी निम्मा भाव सांगितला, तर ती म्हणू शकेल, "नाही परवडत. उद्या या." आज तिला हे म्हणता येत नाही.